शोक, अद्भुत आणि आखाजीची घागर

वैशाख शुद्ध तृतीयेला उर्वरित महाराष्ट्र अक्षय तृतीया म्हणतो. खानदेश तिला आखाजी म्हणतो आणि दिवाळीच्या बरोबरीने मानतो. या एका दिवसात दोन आगमने एकत्र आलेली असतात. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी म्हटली जातात. आणि त्याच दिवशी घरातील गेलेली माणसे पाणी प्यायला येतात असे मानून त्यांच्या नावाने मातीची घागर भरली जाते. घागरीवर मातीचे लहान भांडे, त्यावर आंबा, खरबूज, सांजोरी ठेवतात. आमरस-पुरणपोळीचा घास विस्तवावर घातला जातो. सकाळचे हे विधी आणि दुपारनंतरचे झोके यांच्यामध्ये कोणी भिंत घालत नाही. एकाच अंगणात दोन्ही गोष्टी घडतात, आणि त्या परस्परविरोधी आहेत असे तिथल्या कोणाला वाटत नाही.

जामनेरमधील एका घरात अलीकडच्या एका आखाजीला ही घागर भरायची राहून जाण्याची वेळ आली होती. घरातील बाई पौषात गेली होती. तिचा नवरा माध्यमिक शाळेत मराठी शिकवणारा, वाचणारा, विधींच्या बाबतीत काहीसा अलिप्त असा गृहस्थ. चार महिन्यांत त्याचे वाचन पूर्णपणे थांबले होते. शाळेत पाठ्यपुस्तकातील धडा तो शिकवत असे. पण घरी आल्यावर कोणतेही पुस्तक दोन पानांच्या पुढे जात नसे. त्याची अवस्था पाहून शाळेतल्या एका सहकाऱ्याने त्याला एक कथा आणून दिली होती. तिच्यात मेलेली प्रेयसी रात्री परत येते, बोलते, नायकाचे अश्रू पुसते आणि पहाटे निघून जाते. त्याने ती वाचली आणि बाजूला ठेवली. आयुष्यभर ज्या वाङ्मयीन संस्कारात तो वाढला होता, त्यात अशा कथेला प्रतिष्ठा नव्हती, हे एक कारण. दुसरे कारण त्याला नंतर उमगले. त्या कथेतली मेलेली स्त्री फारच सहज येत होती. तिला यायला काही श्रम पडत नव्हते, आणि तिला बोलवायला नायकालाही काही करावे लागत नव्हते.

आखाजीच्या सकाळी त्याची थोरली बहीण आली. घरात घागर आणलेली नाही हे तिने पाहिले. तिने उपदेश केला नाही, शास्त्र सांगितले नाही. ती तावडी बोलीत एवढेच म्हणाली, "भाऊ, घागर तं भर. पानी प्याले येईन ती."

त्याने बाजारातून घागर आणली आणि भरली.

या वाक्यात काय घडले, हा प्रश्न वरकरणी लोकाचाराचा वाटतो. वस्तुतः तो काव्यशास्त्राचा आहे. बहिणीने मृत्यू नाकारला नाही. 'ती गेलेली नाही' असे ती म्हणाली नाही. तिने फक्त एक भविष्यकाळी क्रियापद वापरले आणि त्या क्रियापदाला एक क्षुल्लक, घरगुती हेतू जोडला. भरतमुनींनी करुण आणि विप्रलंभ शृंगार या दोहोंत जो भेद केला आहे तो नेमका याच ठिकाणी येऊन मिळतो. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात करुण हा निरपेक्षभाव आणि विप्रलंभ हा सापेक्षभाव असल्याचे सांगितले आहे. दोहोंत अश्रू तेच, निःश्वास तेच, अन्न न रुचणेही तेच. पण एकात अपेक्षा संपलेली असते, दुसऱ्यात ती उरलेली असते. प्रिय व्यक्तीच्या परतण्याची शक्यता जिथे शिल्लक आहे तिथे दुःख हे प्रेमाचेच एक रूप असते. जिथे ती शक्यता उरत नाही तिथे रती शोकात बुडते आणि रसाचे नावच बदलते. दुःखाची तीव्रता हा या भेदाचा निकष नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. निकष काळाचा आहे. पुढचा काळ उघडा आहे की बंद, यावर रस ठरतो.

मृत्यूने बंद केलेला हा काळ पुन्हा उघडता येतो का? संस्कृत साहित्याने यावर दिलेले सर्वांत धाडसी उत्तर म्हणजे बाणभट्टाची 'कादंबरी'. सातव्या शतकातील या ग्रंथात महाश्वेतेची कथा येते. पुंडरीक नावाचा तरुण तपस्वी तिच्या विरहात प्राण सोडतो, आणि ती त्याच्यापाशी पोचते तेव्हा उशीर झालेला असतो. ती चितेची तयारी करते. तेवढ्यात चंद्रबिंबातून एक तेजस्वी पुरुष उतरतो, पुंडरीकाचा देह उचलतो आणि तिला सांगून जातो की प्राण सोडू नकोस, तुमची पुन्हा भेट होणार आहे. महाश्वेता चिता सोडते. अच्छोद सरोवराच्या काठी, शिवमंदिरात, वीणा वाजवत ती वाट पाहत राहते. वर्षे जातात. राजपुत्र चंद्रापीड तिथे पोचतो तेव्हा ती त्याला हे सगळे सांगते, आणि सांगताना पुन्हा मूर्च्छित होते.

उत्तरकालीन मीमांसकांना या प्रसंगाने चांगलेच अडचणीत टाकले. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त विप्रलंभाचे चार प्रकार मानले: पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. यांतील चौथा, करुणविप्रलंभ, हा दोन रसांच्या सीमेवरचा आहे. प्रेमिकांपैकी एक परलोकी गेला आहे, पण तो पुन्हा लाभणार आहे, अशा वेळी दुसऱ्याला होणारे दुःख या प्रकारात येते. आणि उदाहरण अर्थातच पुंडरीक-महाश्वेतेचे. तिथेच जाणत्यांचे आणखी एक मत नोंदवलेले आहे. आकाशवाणी होण्यापूर्वी महाश्वेतेचा विलाप हा करुणच आहे. आकाशवाणीनंतर, भेटीची आशा उगवल्यामुळे, तो शृंगार होतो. म्हणजे नायिका तीच, रडणे तेच, समोरचे प्रेतही तेच; एक वाक्य कानावर पडते आणि रस पालटतो.

अद्भुताचे कार्य याहून नेमकेपणाने क्वचितच सांगितले गेले असेल. चंद्रातून उतरलेला पुरुष महाश्वेतेला पुंडरीक देत नाही. उलट होता तो देहही घेऊन जातो. तो तिला केवळ एक भविष्यकाळ देतो. त्या भविष्यकाळाच्या आधारावर ती जगते, स्नान करते, पूजा करते, आल्यागेल्याला फळे देते. तिचे दुःख कमी होत नाही, पण ते राहण्याजोगे होते. जामनेरच्या अंगणातील थोरली बहीण आणि चंद्रमंडळातील तो पुरुष यांच्या वाक्यांची रचना एकच आहे. फरक इतकाच की बहिणीने दिलेले भविष्य फक्त एका दिवसाचे होते.

मराठी वाचकासाठी या ग्रंथाला आणखी एक अर्थ आहे. मराठीने दीर्घ गद्य कथनाच्या नव्या प्रकाराला जे नाव दिले ते याच नायिकेचे. दररोज उच्चारून झिजलेल्या 'कादंबरी' या शब्दामागे मृत प्रियकराचा देह जपत बसलेली एक स्त्री आहे, हे आता सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पण या नामकरणातील विसंगतीही पाहण्यासारखी आहे. मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून जिचा निर्देश केला जातो ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली, आणि तिचा विषय हिंदू विधवांची स्थिती हा आहे. ज्या वाङ्मयप्रकाराला पुनर्मीलनाच्या कथेने नाव दिले, त्याचा मराठीतील प्रारंभ मात्र अशा स्त्रियांपासून झाला की ज्यांच्यासाठी कोणतीही आकाशवाणी होत नव्हती. महाश्वेतेचे व्रत तिने स्वतः स्वीकारलेले आहे आणि त्याला अवधी आहे. एकोणिसाव्या शतकातील विधवेवर तेच व्रत लादलेले होते आणि त्याला अंत नव्हता. पांढरे वस्त्र दोघींच्याही अंगावर आहे. एकीच्या बाबतीत ती आशेची खूण, दुसरीच्या बाबतीत शिक्षा.

अद्भुत प्रेमकथेचा विचार करताना हा भेद विसरून चालणार नाही. 'ती वाट पाहते' हे वाक्य सुंदर आहे. 'तिने वाट पाहिलीच पाहिजे' हे वाक्य क्रूर आहे, आणि संस्कृतीच्या इतिहासात पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर फार सहज होत आले आहे. मृताची ओढ हा सांत्वनाचा मार्ग ठरतो की बंधनाचा, हे त्या कथेवर अवलंबून असतेच, पण ती कोण कोणाला सांगते यावरही अवलंबून असते. पत्नी गेलेल्या पुरुषाला समाज फार काळ थांबू देत नाही. पती गेलेल्या स्त्रीला थांबण्याखेरीज काही करू देत नाही. जामनेरच्या त्या गृहस्थालाही वर्षाच्या आत दुसरेपणाबद्दल विचारणा झाली होती. त्याच्या वयाच्या कोणत्या विधवेला तशी विचारणा झाली असती?

याच जिल्ह्यातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे उदाहरण इथे आठवणे अपरिहार्य आहे. तरुण वयात वैधव्य आलेल्या या कवयित्रीच्या शब्दांत देव, धरित्री, माहेर, जाते, शेत हे सगळे बोलतात. पण गेलेल्याला परत आणणारा चंद्रपुरुष तिथे नाही. जगण्याचा आधार तिने रोजच्या कामात शोधला. लिहिता न येणाऱ्या या स्त्रीची गाणी इतरांनी टिपून ठेवली. तिच्या मृत्यूनंतर तिचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी यांनी ती आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. डिसेंबर १९५१ मध्ये आई गेली आणि पुढच्याच वर्षी तिचा शब्द छापला गेला. मुलाचा शोक येथे संपादनाच्या रूपाने प्रकट झाला, असे म्हणता येईल.

हाच धागा पुन्हा बाणभट्टाकडे घेऊन जातो. 'कादंबरी' बाणाच्या हातून पुरी झाली नाही. पत्रलेखा ही दासी कादंबरीचे बोलणे चंद्रापीडाला सांगत असतानाच पूर्वभाग तुटतो. उत्तरभाग त्याच्या मुलाने लिहिला, आणि प्रारंभीच त्याने सांगितले आहे की पिता स्वर्गवासी झाल्यावर त्याच्या वाणीबरोबर कथेचा प्रवाहही खंडित झाला. त्यामुळे सज्जनांना झालेले दुःख पाहून आपण ही कथा पुढे नेत आहोत, कवित्वाच्या अभिमानाने नव्हे. आता या मुलाने काय लिहिले ते पाहावे. पुंडरीक हा वैशंपायन म्हणून पुन्हा जन्मलेला असतो. कोणत्याशा अनाकलनीय ओढीने तो सरोवराकाठी येतो आणि महाश्वेतेकडे पाहत राहतो. ती त्याला ओळखत नाही आणि पोपट होशील असा शाप देते. ज्याची इतकी वर्षे वाट पाहिली तोच समोर आला आणि तिने त्याला हाकलून दिले. मित्राच्या या अंताची वार्ता ऐकून चंद्रापीडाचे हृदय फुटते. त्याचा देह कुजत नाही. कादंबरी त्या देहाची सेवा करीत राहते. शेवटी तिच्या आलिंगनाने चंद्रापीड जिवंत होतो, पुंडरीक आकाशातून उतरतो, आणि कोणीही मृत उरत नाही.

कथानकाचा सांगाडा गुणाढ्याच्या बृहत्कथेच्या परंपरेतून आलेला आहे, त्यामुळे हे पुनरुज्जीवन मुलाच्या पदरचे आहे असे म्हणता येत नाही. बापाने योजलेला शेवटही बहुधा हाच असणार. तरीही लेखन ही कृती त्या मुलाची आहे. नुकताच बाप गमावलेला एक माणूस बापाच्याच वाक्यरचनेत लिहायला बसतो आणि एकामागून एक सर्व मृतांना उठवतो. हे दृश्य संहितेच्या बाहेर ठेवून उत्तरभाग वाचता येत नाही. टीकाकारांनी उत्तरभागाची तुलना पूर्वभागाशी करून त्याला उणा ठरवले आहे, आणि शैलीच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण त्या उणेपणात जी घाई आहे ती शोकाची घाई असू शकते. ज्याला एकालाही परत आणता आलेले नाही, त्याने कथेत एकालाही जाऊ दिलेले नाही.

जामनेरहून दक्षिणेकडे पाहिले की अजिंठ्याचे डोंगर दिसतात. पाचोरा–जामनेर ही अरुंद मापाची रेल्वे २०२० पर्यंत पहूरवरून जामनेरला येत असे. त्याच पहूरवरून जळगाव–अजिंठा रस्ता फर्दापूरकडे जातो. अजिंठ्याच्या दरीत नालाच्या आकाराचे वळण घेणारी वाघूर नदी पुढे याच तालुक्याच्या शिवारात उतरते, आणि जामनेरची कांग नदी तिलाच जाऊन मिळते. म्हणजे त्या आखाजीच्या घागरीपासून लेण्यांपर्यंत पाण्याचीच वाट आहे.

सोळा क्रमांकाचे लेणे वाकाटक सम्राट हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात करविले. त्यातील एक चित्र गेल्या शतकापासून 'मरणासन्न राजकन्या' या नावाने जगभर ओळखले जाते. मान एका बाजूला कललेली, डोळे मिटत आलेले, बोटांतील त्राण गेलेले, भोवती सख्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांसह येथील चित्रांच्या प्रतिकृती केल्या तेव्हा या चित्रातील करुणेची त्यांनी मुक्त प्रशंसा केली. पण हे चित्र कोणाचे, हे त्या काळी कळण्यास मार्ग नव्हता. ज्या काव्यातून ही कथा विस्ताराने कळते ते अश्वघोषाचे 'सौन्दरनन्द' हरप्रसाद शास्त्री यांनी नेपाळातील हस्तलिखितांवरून १९१० साली प्रसिद्ध केले. आज बहुतेक अभ्यासक ही स्त्री म्हणजे बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी असे मानतात. एक सेवक नंदाचा मुकुट घेऊन आला आहे. तो पाहून तिला कळते की नवऱ्याने प्रव्रज्या घेतली, आणि ती कोसळते. तिच्या घरी कोणी मेलेले नाही. मुकुट मात्र माणसाविना परत आला आहे.

अश्वघोषाच्या काव्यात या प्रसंगाची तयारी एका लहानशा तपशिलाने केली आहे. सुंदरी गालावर शृंगाराची रेखाटणी करीत असते, नंदाने आरसा धरलेला असतो. भिक्षा न मिळताच बुद्ध दारातून परत गेल्याचे कळल्यावर नंद त्यांना वंदन करायला निघतो. माझी ही रेखाटणी वाळण्याच्या आत परत ये, अशा अटीवर ती त्याला जाऊ देते. तो परत येत नाही. पुढे भिक्षू झालेल्या पण पत्नीसाठी झुरणाऱ्या नंदाला बुद्ध आकाशमार्गे घेऊन जातात. आधी हिमालयात एक एकाक्ष वानरी दाखवतात, मग इंद्रलोकातील अप्सरा. त्या पाहिल्यावर त्याला सुंदरी त्या वानरीसारखी वाटू लागते. अप्सरांसाठी तो तप करतो. त्या हेतूचीही लाज वाटल्यावर खरी साधना सुरू होते आणि तो मुक्त होतो. शेवटी कवी सांगतो की हे काव्य म्हणजे मधात कालवलेले कडू औषध आहे. गोड आणि कडू यांच्या मिश्रणाची ही उपमा अशा सर्वच कथांना लावता येईल.

परंतु औषध कोणाला मिळाले? अद्भुताचा सारा लाभ नंदाला झाला. त्याला स्वर्ग दाखवला गेला, गुरू मिळाला, दुःखाच्या पलीकडे जाण्याचा मार्ग मिळाला. सुंदरीच्या वाट्याला सहाव्या सर्गातील विलाप आणि शेवटी एक ओझरता उल्लेख आला, की नवऱ्याचे धैर्य ऐकून तीही घरी स्त्रियांना वैराग्याच्या गोष्टी सांगेल. अजिंठ्याच्या चित्रकाराने या कथेत कोणाजवळ थांबावे? लेणे भिक्षूंच्या निवासाचे होते, कथा वैराग्याच्या विजयाची होती. तरी त्या भिंतीवरील सर्वांत सामर्थ्यवान चित्र मागे राहिलेल्या स्त्रीचे आहे. तिला मोक्ष देणे त्याच्या हाती नव्हते. त्याने तिच्याभोवती सख्या बसवल्या. एकीने तिला मागून आधार दिला आहे. शोकाचे जे उपशमन या चित्रात आहे ते एवढेच, आणि ते अद्भुत नाही.

अजिंठ्याच्या परिसरातील दुसरी प्रेमकथा अधिक ऐकण्यातली आहे. लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली नेमलेला मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल येथे दीर्घकाळ राहिला. त्याची सहचरी पारो २३ मे १८५६ रोजी मृत्यू पावली. अजिंठा गावात तिची कबर आहे, आणि आपल्या प्रिय पारोच्या स्मरणार्थ, एवढा मजकूर व मृत्यूची तारीख तिच्यावर इंग्रजीत कोरलेली आहे. गिलने वर्षानुवर्षे रंगवलेली चित्रे लंडनला गेली आणि त्यांतील बहुसंख्य १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. तो स्वतः १८७९ मध्ये वारला. भुसावळला त्याला पुरले. ना. धों. महानोरांनी या कथेवर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले, आणि २०१२ साली नितीन चंद्रकांत देसाई यांनी तिच्यावर चित्रपट केला.

गिलचे आयुष्य चरित्रकाराच्या दृष्टीने पाहिले तर त्याला आधीचा विवाह होता, मुले होती, आणि पारोनंतरही त्याचे आयुष्य चालू राहिले. लोकमानसाने हे सारे गाळले आणि लेणे, चित्र, स्त्री आणि कबर एवढेच ठेवले. इतिहासाची ही मोडतोड आहे हे खरे. पण तिची दिशा अर्थपूर्ण आहे. पारोला स्वतःचा एक शब्दही इतिहासात सापडत नाही. तिच्याबद्दल निश्चित उरले आहे ते एक नाव, एक विशेषण आणि एक तारीख. जिला काहीच बोलता आले नाही तिला परत येऊन बोलू देणे, हे काम मग काव्याकडे येते.

या सर्व उदाहरणांवरून अद्भुत प्रेमकथेसंबंधी काही विधान करता येईल का? मराठी समीक्षेने वास्तवाच्या निकषाला दीर्घकाळ इतके महत्त्व दिले की मृतांच्या परतण्याची कथा ही एक तर भयकथेच्या कप्प्यात गेली किंवा रंजनाच्या. त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० साली अद्भुताची व्याख्या वाचकाच्या संदेहावर उभी केली: घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, हे ठरत नाही तोवरच अद्भुत टिकते. ही व्याख्या उपयुक्त आहे, पण आखाजीच्या अंगणात ती अपुरी पडते. घागर भरणाऱ्याला संदेह नसतो, आणि विश्वासही असतोच असे नाही. ती खरोखर येईल काय, हा प्रश्न त्याला कोणी विचारतच नाही. त्याच्याकडून अपेक्षित असते ते पाणी भरणे. विश्वास आणि अविश्वास या दोहोंच्या अलीकडे कृतीचा एक प्रदेश आहे, आणि शोक पुष्कळदा त्याच प्रदेशात राहतो.

फ्रॉइडने १९१७ च्या आपल्या निबंधात शोक हे एक काम आहे असे म्हटले होते: गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन एकेक आठवणीतून सोडवून घेण्याचे काम. ते पुरे झाले की मन मोकळे होते, अशी त्याची मांडणी. पण स्वतःची मुलगी सोफी १९२० साली गेल्यानंतर, नऊ वर्षांनी एका पुत्रवियोगी स्नेह्याला लिहिताना त्याने मान्य केले की ती जागा कशानेही भरत नाही, आणि तसेच असायला हवे, कारण प्रेम चालू ठेवण्याचा तोच मार्ग आहे. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी टिकून राहणाऱ्या बंधांची कल्पना मांडली: निरोगी शोकात मृताशी असलेले नाते तुटत नाही, ते बदलते. खानदेशातील थोरल्या बहिणींना हे माहीत होते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्या सिद्धान्त मांडत नव्हत्या. पण त्यांच्या आचारात नात्याच्या या बदलाला ठरलेली जागा आणि ठरलेला दिवस आहे, हे नाकारता येत नाही.

दिवस ठरलेला आहे, ही बाब महत्त्वाची. गेलेली माणसे आखाजीला येतात. म्हणजे इतर दिवशी येत नाहीत. त्यांना बोलावणे आणि निरोप देणे ही एकाच विधीची दोन अंगे आहेत. चांगल्या अद्भुत प्रेमकथेची कसोटी हीच असावी. मृत व्यक्ती परत येते का, हा तिचा अर्धा प्रश्न आहे. आलेल्याला जाऊ देण्याची ताकद मागे राहिलेल्यात येते का, हा उरलेला अर्धा. या कसोटीला 'कादंबरी'चा शेवट उतरत नाही. तिथे सर्वजण येतात आणि कोणीच जात नाही. सरोवराकाठी वीणा वाजवत बसलेली महाश्वेता मात्र उतरते, कारण तिथे कथा अजून तिच्या हाती आहे आणि उत्तर आलेले नाही. त्या सहकाऱ्याने दिलेली कथा जामनेरच्या गृहस्थाला का पटली नव्हती, याचेही कारण इथे सापडते. तिच्यात अश्रू मृताने पुसले होते. मागे राहिलेल्याला काही काम उरले नव्हते.

आखाजीची ती घागर घरात रात्रभर राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाहिले तेव्हा पाणी दोन बोटे उतरले होते. मातीच्या भांड्याच्या अंगातून पाणी झिरपते, बाहेरच्या कोरड्या हवेत त्याची वाफ होते, आणि जाताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. वैशाखातल्या जामनेरच्या उन्हात दोन बोटे पाणी उतरणे हे साहजिकच. शाळेतील सातवीच्या मुलालाही हे सांगता येते. त्याने घागरीला हात लावला. ती थंड होती, आणि ती थंड होती याचे कारण तिच्यातले काही निघून गेले होते, हेच.

त्या उन्हाळ्याच्या सुटीत त्याने महाविद्यालयात अभ्यासलेली 'कादंबरी'ची जुनी प्रत काढली. रोज चार-पाच पाने. महाश्वेतेच्या निवेदनापाशी त्याला आठवडा लागला. उत्तरभाग त्याने एका बैठकीत संपवला आणि समासात, बाणाच्या मुलाने पित्याविषयी लिहिलेल्या ओळींसमोर, पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली. टीप लिहिली नाही. जूनमध्ये शाळा उघडली. पुढच्या वर्षी आखाजीला बहीण येण्याआधीच त्याने घागर आणून ठेवली होती. त्याची मुलगी सासरहून आली होती, आणि मागच्या लिंबाच्या झाडाला झोका बांधण्यासाठी ती वडिलांकडे दोर मागत होती.